थंडीत जनावराची ताकद कुठं खर्च होते आणि गोठ्यात कुठलं काम आधी करायचं: सविस्तर माहिती

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत तेच ते प्रश्न येतात. गाईला गूळ किती द्यायचा, गोठ्याला चारी बाजूनं ताडपत्री लावली तरी वासरं का खोकतात, करडू गारठलं तर आधी दूध पाजायचं की आधी शेकायचं. बहुतेक जण जे करतात ते चुकीचं नसतं, क्रम चुकलेला असतो. मोठ्या गाईला पोती पांघरतात आणि आठ दिवसांचं वासरू ओल्या कोब्यावर झोपतं. म्हणून इथं फक्त क्रमानं सांगतो, निफाड, नाशिक, धुळे, जळगाव, नगर, नागपूर या पट्ट्यातली थंडी डोळ्यासमोर ठेवून, म्हणजे रात्री ५ ते १२ अंश आणि दुपारी मस्त २६-२८.

## हे आधी डोक्यात बसवा

जनावर रोज जे खातं त्यातला पहिला वाटा शरीर चालू ठेवायला जातो, उरलं तर वाढ, दूध, गाभ. हवा एका ठरावीक तापमानाच्या खाली गेली की अंगातली ऊब टिकवायला शरीराला जास्तीचं जाळावं लागतं. आधी केस उभे राहतात, कातडीकडचं रक्त कमी होतं, म्हणून कान आणि पाय गार लागतात. त्यानं भागलं नाही की थरथर सुरू होते, साठवलेली साखर आणि मग चरबी जळायला लागते. हा सगळा खर्च वाढीच्या आणि दुधाच्या वाट्यातून जातो.

आता हे "ठरावीक तापमान" प्रत्येकाचं वेगळं असतं आणि सगळा घोळ इथंच होतो. १५ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईचं पोट म्हणजे रात्रभर धुमसणारी चूल आहे, वैरण आंबताना आणि रवंथ करताना इतकी ऊब तयार होते की अंग कोरडं असेल आणि वारा नसेल तर शून्य अंशालाही तिला जास्तीचं काही जाळावं लागत नाही. उलट होल्स्टीनला ५ ते २० अंश हीच आवडती हवा. पण तीन आठवड्यांच्या आतलं वासरू १५ अंशांच्या खाली गेलं की खर्चात पडतं, कारण त्याचं कोठीपोट (वैरण आंबवणारं मोठं पोट) अजून चालूच झालेलं नाही, अंगावर चरबी नाही आणि वजनाच्या मानानं कातडी जास्त. दोन-अडीच किलोच्या करडाचं तर विचारूच नका.

म्हणजे आपल्याकडच्या थंडीत मोठी धष्टपुष्ट गाय नाही मरत, मरतं ते लहान, ओलं आणि हडकलेलं.

## तयारी: दिवाळीनंतर लगेच जमवायचं सामान

- दोन साधे थर्मामीटर. एक हवेचा, तो वासराच्या उंचीवर टांगायचा, आढ्याला नाही. दुसरा गुदद्वारातून ताप मोजायचा, फॅरेनहाइटचा चालेल.
- कोरडं अंथरूण, उसाचं पाचट, गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा. किती लागेल वाटतं त्याच्या दुप्पट ठेवा, आणि पावसात भिजलेलं, बुरशी आलेलं नको.
- धुतलेली कोरडी बारदानं, वासरामागं किमान दोन, म्हणजे एक वाळत असताना दुसरं अंगावर.
- वाऱ्याच्या बाजूला लावायला शेडनेट किंवा ताडपत्री, गुंडाळता येईल अशी.
- टिंक्चर आयोडीन, दुधाची बाटली आणि निपल, गरम पाणी भरायला प्लॅस्टिकच्या बाटल्या.
- जनावराच्या डॉक्टरांचा नंबर मोबाईलमध्ये. रात्री दोन वाजता शोधत बसू नका.

## टप्पा १: कळपाचे गट पाडा

सगळ्यांना सारखं काहीतरी जास्त द्यायला गेलं की खर्च वाढतो आणि ज्याला गरज आहे त्याला कमीच मिळतं.

पहिला गट, सगळ्यात धोक्यात: एक महिन्याच्या आतली वासरं, रेडकं, करडं, कोकरं. म्हशी बऱ्याचशा पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यामुळं रेडकं बरोब्बर थंडीच्या तोंडावर जन्मतात, आणि म्हशीच्या अंगावर केस विरळ म्हणून वारा तिलाही लागतो.

दुसरा गट: हडकलेली, नुकतीच आजारातून उठलेली, म्हातारी जनावरं, शेवटच्या दोन महिन्यांतली गाभण आणि नुकत्याच लोकर कातरलेल्या मेंढ्या.

तिसरा गट: बाकी सगळे. यांना फक्त कोरडं ठेवा आणि पाणी नीट द्या, पांघरूण वगैरे काही लागत नाही.

✔ तपासणी: केस हिवाळ्यात दाट होतात, त्यामुळं नुसतं बघून जनावर भरलेलं वाटतं. बरगड्यांवर हात दाबून फिरवा. बोटांना बरगड्या सरळ टोचल्या तर ते जनावर दुसऱ्या गटात.

## टप्पा २: आधी कोरडं करा, मग बाकीचं

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात. कोरड्या केसांच्या मध्ये हवा अडकते आणि तीच रजई असते. केस भिजले की ती रजई गेली. ज्या मोठ्या गाईला शून्यालाही काही होत नाही तीच गाय भिजलेली असेल तर १५ अंशांच्या आसपासच तिला थंडी वाजायला लागते. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आला तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्या वाड्यांवर बसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येनं गेल्या. तेव्हा पारा काही निफाडच्या नीचांकाला नव्हता, पण भिजलेली लोकर, त्यात वारा आणि रात्रभर रिकामं पोट असं तिन्ही एकदम आलं.

करायचं असं:

1. हिवाळ्यात सकाळी धुणं बंद. धुवायचंच असेल तर दुपारी १२ नंतर, उन्हात, आणि अंधार पडायच्या आत केस मुळापर्यंत वाळले पाहिजेत.
2. मूत्र वाहून जायला उतार नीट करा. ओला कोबा अंगातली ऊब खालून ओढून घेतो, वरून कितीही पांघरा.
3. लहान वासरांना पाचट-काडाचा इतका जाड थर द्या की वासरू बसल्यावर त्याचे पाय दिसता कामा नयेत. पाय पूर्ण दिसत असतील तर अंथरूण कमी आहे.
4. रोज वरचं ओलं काढायचं आणि कोरडं टाकायचं. महिन्यातून एकदा सगळं उपसून टाकू म्हणाल तर तोवर खाली अमोनिया तयार झालेला असतो.

✔ तपासणी: अंथरुणावर अर्धा मिनिट गुडघे टेकून बसा. उठल्यावर पँट ओली लागली की अंथरूण बदला. ही परीक्षा फुकट आहे आणि कधी चुकत नाही.

⚠ बारदान रात्री पांघरून सकाळी उन्हं आल्यावर काढायचंच. दवानं किंवा घामानं ओलं झालेलं बारदान तसंच अंगावर राहिलं तर ते नसलेलं बरं.

## टप्पा ३: वारा अडवा, हवा अडवू नका

गोठा चारी बाजूनं ताडपत्रीनं बंद केला की आत उबदार वाटतं, मालकाला बरं वाटतं, आणि आठवड्याभरात वासरं खोकायला लागतात. श्वासाची वाफ वर जाऊन पत्र्याला लागते, पहाटे थेंब थेंब खाली गळते, म्हणजे पुन्हा ओलं, शिवाय मुताचा अमोनिया फुप्फुसं खराब करतो. मग न्यूमोनिया झाला की दोष थंडीला.

म्हणून ज्या बाजूनं वारा येतो ती बाजू, आपल्याकडं थंडीत बहुतेक उत्तर किंवा ईशान्य, जमिनीपासून जनावराच्या पाठीच्या जरा वर, म्हणजे चार-पाच फूट, पूर्ण बंद करायची. त्याच्या वर आढ्यापर्यंत मोकळं सोडायचं. दुपारी पडदे गुंडाळून ऊन आत घ्यायचं, संध्याकाळी साडेपाच-सहाला सोडायचे, गारठा पडल्यावर नाही.

✔ तपासणी: रात्री वासराच्या नाकाच्या उंचीवर उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला तर तिथून वारा येतोय, फट शोधा. मग तिथंच दोन मिनिटं उकिडवे बसा, डोळे चुरचुरले तर हवा कोंडली आहे, वरून उघडा.

⚠ गोठ्यात शेकोटी नको. धूर फुप्फुसात जातो, बंद जागेत विषारी वायू साठतो, आणि शेजारी कडब्याची गंजी असतेच. बल्ब लावायचा तर वासराच्या तोंडाला येणार नाही इतका उंच, पेंढ्यापासून लांब, आणि साखळीनं बांधलेला, नुसत्या वायरवर लोंबता नको.

## टप्पा ४: नवीन जन्मलेल्याचे पहिले दोन तास

जन्मतः वासराच्या अंगात एक खास तपकिरी चरबी असते, वजनाच्या दोनेक टक्के, आणि ती फक्त ऊब तयार करायलाच असते. काही खाल्लं नाही तर हा साठा एका दिवसाच्या आतच संपतो. त्यामुळं इथं घड्याळ चालू असतं असंच समजा.

1. नाक-तोंड साफ, मग कोरड्या बारदानानं जोरात घासून पुसा. गाय चाटत असेल तर चाटू द्या, त्यानं रक्ताभिसरणही वाढतं. केस कोरडे होऊन फुलेपर्यंत घासणं थांबवू नका.
2. नाळेला टिंक्चर आयोडीन.
3. कोरड्या जाड अंथरुणावर हलवा.
4. पहिल्या एक-दोन तासांत चीक. ३० किलोच्या वासराला पहिल्या खेपेला दीड-दोन लिटर, आणि बारा तासांच्या आत एकूण तीन लिटरपर्यंत. चिकात साध्या दुधाच्या जवळपास दुप्पट घट्ट भाग असतो, रोगप्रतिकारशक्ती तर मिळतेच पण ती त्या रात्रीची शेगडीसुद्धा आहे.

⚠ "वार (जार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही" हे अजून कित्येक गावांत पाळतात. वार पडायला आठ-दहा तास लागले तर तेवढा वेळ वासरू स्वतःची चरबी जाळत बसतं. वार पडायची वाट बघू नका. आणि चिकाआधी गुळाचं पाणी, तूप, तेल काही नको.

## टप्पा ५: वासराच्या दुधाचा हिशोब

इथं जरा आकडेमोड आहे, कंटाळा करू नका, कारण सगळ्यात जास्त वासरं इथंच मागं पडतात.

४० किलोच्या वासराला उबदार हवेत नुसतं जगायला दिवसाला साधारण १६०० किलोकॅलरी लागतात. गाईच्या एक लिटर दुधातून त्याला ६५० च्या आसपास मिळतात. म्हणजे अडीच लिटर दूध तर नुसतं जगण्यातच गेलं, वाढ त्याच्या पुढच्या दुधावर. आता हवा सतत १० अंश असेल तर लहान वासराची ही गरज पावपट वाढते, ५ अंशाला सुमारे ४० टक्क्यांनी. म्हणजे अडीचचे जवळपास साडेतीन लिटर. तुम्ही तीन लिटरवर ठेवलं असेल तर वासरू रोज दूध पितंय आणि रोज बारीक होतंय.

पण थंड देशांचे तक्ते जसेच्या तसे इथं लावू नका. तिकडं दिवसभर थंडी असते, आपल्याकडं गारठा रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत आणि दुपारी वासरू उन्हात लोळतंय. चोवीस तासांचा हिशोब धरला तर दुधात अर्धा ते एक लिटर वाढ पुरते. खरी अडचण वेगळीच आहे. संध्याकाळी साडेपाचला पाजलं आणि पुढचं सकाळी साडेसहाला, म्हणजे बरोबर सगळ्यात थंड तेरा तास पोट रिकामं.

म्हणून:

1. दोनाचे तीन वेळा करा. सकाळी, संध्याकाळी, आणि तिसरं रात्री नऊ-दहाला. एवढा एकच बदल केला तरी फरक दिसतो.
2. वाढवलेलं अर्धा-एक लिटर रात्रीच्या वेळी द्या. एकदम नको, तीन-चार दिवसांत वाढवा, नाहीतर हगवण.
3. दूध वासराच्या तोंडापाशी ३८-३९ अंश हवं, म्हणजे मनगटावर टाकलं तर कोमट. बादलीत ओतून गोठ्यापर्यंत नेईस्तोवर गार होतं, ते गरम करायला वासरूच स्वतःची ताकद लावतं.
4. दुधात पाणी घालून माप वाढवू नका, त्यानं पोट भरतं आणि ऊब मिळत नाही. म्हशीचं दूध जास्त फॅटचं असल्यानं रेडकाला कमी लिटरमध्ये भागतं, पण रात्रीची वेळ त्यालाही हवीच.
5. पहिल्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (वासरांचा खास खुराक) आणि कोमट पाणी समोर ठेवा. स्टार्टर खाऊन कोठीपोट जितकं लवकर सुरू होईल तितकं वासरू थंडीला पक्कं होतं.

✔ तपासणी: आठवड्यातून एकदा पुढच्या पायांमागून छातीचा घेर टेपनं मोजून भिंतीवर लिहा. दोन आठवडे आकडा हलला नाही तर आजार शोधण्याआधी दूध मोजा.

## टप्पा ६: मोठ्या जनावराचा खुराक आणि पाणी

थंडीत दूध कमी झालं की लोक पेंड वाढवतात. आधी पाणी बघा. गार टाकीतलं पाणी गाय चार घोट पिऊन सोडते, पाणी कमी की वैरण कमी, वैरण कमी की दूध कमी. एक लिटर दुधामागं चार-पाच लिटर पाणी लागतं. पाणी तापवायची गरज नाही, सकाळी बोअर किंवा विहिरीचं ताजं पाणी उपसा, ते रात्रभर उघड्या टाकीत राहिलेल्या पाण्यापेक्षा बरंच उबदार असतं. आणि दुपारी उन्हात दुसऱ्यांदा पाजा.

वैरणीचं म्हणाल तर दिवसाच्या सुक्या वैरणीचा मोठा वाटा, कडबा कुट्टी, काड वगैरे, संध्याकाळी उशिरा टाका. तंतुमय वैरण आंबताना धान्यापेक्षा जास्त ऊब सुटते आणि ती पुढचे कित्येक तास सुटत राहते, म्हणजे बरोब्बर रात्री. सकाळी मुरघास-खुराक, रात्री गव्हाणीत कडबा शिल्लक राहील इतका. एवढं साधं आहे हे.

खुराक वाढवायचा तो फक्त दुसऱ्या गटाला, म्हणजे हडकलेल्या आणि गाभण जनावरांना. मका किंवा ज्वारीचा भरडा, दर दोन दिवसांनी पाव किलो वाढवत, अर्धा ते एक किलोपर्यंत. दुधाच्या गाईला नेहमीचाच हिशोब, शरीरासाठी दीड किलो आणि लिटरमागं ४०० ग्रॅम (म्हशीला ५००), तो पाळला तर थंडीसाठी वेगळं काही लागत नाही.

⚠ एकदम दोन किलो भरडा वाढवला की पोटात आम्ल वाढतं, जनावर खाणं सोडतं आणि मग ऊबही बंद. गुळाचंही तेच, मूठभर चवीला ठीक, अर्धा-अर्धा किलो एकदम नको.

⚠ दवानं भिजलेला लसूण घास सकाळी उपाशीपोटी टाकू नका, पोट फुगतं. आधी कडबा, दव वाळल्यावर घास.

दूध काढल्यावर सड कोरडे करून मगच जनावर वाऱ्यात सोडा, ओले सड तडकतात आणि मग ती पान्हा सोडत नाही, तेव्हाही लोक थंडीनं दूध आटलं म्हणतात.

## टप्पा ७: गारठलेलं करडू-कोकरू, इथं क्रम चुकला की संपलं

लक्षणं: कळपापासून वेगळं पडलंय, पाठ वाकलेली, तोंडात बोट घातलं तर जीभ गार, चोखत नाही. आणि एक लक्षात ठेवा, थरथर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नाही, थरथरायलाही ताकद लागते, ती संपली असेल.

ताप मोजा, अंदाज नको. निरोगी करडाचा १०२ ते १०३ फॅरेनहाइट असतो.

९९ ते १०२ आणि मान धरून उभं राहतंय: पुसून कोरडं करा, आईचा चीक किंवा दूध पाजा, पाचटात ठेवा, अर्ध्या तासानं परत मोजा.

९९ च्या खाली, जन्मून पाच तास झाले नाहीत: आधी कोरडं, मग ऊब, मग दूध. अंगात अजून थोडी चरबी शिल्लक असते म्हणून शेकलं तर चालतं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा, खोक्यात ठेवून वरून बारदान.

९९ च्या खाली आणि पाच तासांहून मोठं: इथं नुसतं शेकायला घेऊ नका. याच्या रक्तातली साखर संपलेली असते. अंग गरम झालं की शरीर जास्त साखर मागतं आणि ती नसते, मग झटके येऊन करडू शेकोटीजवळच मरतं, आणि लोक म्हणतात एवढं केलं तरी गेलं. आधी ग्लुकोज, तेही पोटात इंजेक्शननं, हे डॉक्टरांचं काम आहे, आणि त्यानंतर शेकणं. म्हणून फोन आधी, बाटल्या नंतर.

१०० च्या वर आलं आणि बोट चोखायला लागलं की मग दूध, थोडं थोडं.

⚠ चोखत नसलेल्याच्या तोंडात दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि दारू पाजणं पूर्ण बंद करा. दारूनं कातडीकडं रक्त येऊन आतली ऊब बाहेर जाते, वर साखर आणखी पडते.

## कोंबड्यांचं थोडक्यात

पिल्लांचं गणित वेगळं, त्यांना पहिल्या दोन आठवड्यांत स्वतःचं तापमान धरताच येत नाही. ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब द्यायच्या बल्बखाली) पहिल्या आठवड्यात ९५ फॅरेनहाइट आणि पुढं दर आठवड्याला ५ नं कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा, बल्बखाली ढीग केला तर गार आहे, कडेला पळाली तर गरम, सारखी पसरली तर बरोबर. ब्रॉयलरला थंडी लागली की प्राणवायूची गरज वाढते, हृदयावर ताण येतो आणि पोटात पाणी होतं, म्हणून पडदे लावले तरी वरची एक फूट फट ठेवायचीच.

## थंडी ओसरताना

फेब्रुवारीच्या मध्यात दुपार तापायला लागते पण पहाट गारच असते. या काळात बारदान आणि रात्रीचं दूध लोक एकदम बंद करतात. पहाटेचा थर्मामीटर सलग आठवडाभर १५ च्या वर दिसला की मगच कमी करायला घ्या, आधी बारदान, मग पडदे, शेवटी तिसऱ्या वेळचं दूध. भरडा जसा वाढवला तसाच दर दोन दिवसांनी पाव किलो उतरवत आणा. गाभण गाईचा मात्र विईपर्यंत कमी करू नका.